लेकरं सोबत नाहीत, तरी टोकियो डिस्ने: जळगावहून एकट्याने जाणाऱ्यासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहणार जळगाव, वय ३६, ॲनिमेशनचं आणि थीम पार्कचं वेड लहानपणापासून. पहिल्यांदाच परदेशी पार्कला जायचं आहे आणि तेही एकट्याने. घरचे म्हणतात, 'लेकरं नाहीत सोबत, तर तिथे जाऊन करशील काय?' कुठे जावं, किती दिवस ठेवावेत, खर्च कुठे करावा आणि शाकाहारी माणसाने खायचं काय?

घरच्यांच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ठिकाणाची निवड तिच्यावरच ठरते. तुमच्यासारख्याने पहिल्यांदा टोकियोलाच जावं. हाँगकाँगचं डिस्नेलँड (२००५) आटोपशीर आहे, दीड दिवसात संपतं. सिंगापूरचं युनिव्हर्सल त्याहून लहान. टोकियोत दोन पूर्ण पार्क आहेत आणि तिथे एकटा मोठा माणूस कुणाच्या नजरेत येत नाही. ऑफिसातून सुट्टी काढून आलेल्या मैत्रिणी, कानांचा हेअरबँड घातलेले पन्नाशीचे काका, परेडसाठी चटई अंथरून बसलेली म्हातारी जोडपी हे तिथलं रोजचं दृश्य आहे.

टोकियो डिस्नेलँड १५ एप्रिल १९८३ रोजी सुरू झालं, डिस्नेसी ४ सप्टेंबर २००१ रोजी. दोन्ही टोकियो शहरात नाहीत, शेजारच्या चिबा प्रांतातल्या उरायासू गावात, समुद्र भरून काढलेल्या जमिनीवर आहेत. मालकी डिस्नेची नाही. ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी परवाना घेऊन ती चालवते. जगात दुसरीकडे नसलेल्या गोष्टी इथे सापडतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

डिस्नेसी तर मोठ्या माणसासाठीच बांधल्यासारखं वाटतं. ज्वालामुखीच्या पोटात दडलेलं मिस्टीरियस आयलंड, धक्क्याला लागलेलं एस. एस. कोलंबिया जहाज आणि त्यातला बार, इटलीच्या बंदरासारखं मेडिटरेनियन हार्बर. वेड असलेल्या माणसाने इथे राइड मोजत पळू नये. फोर्ट्रेस एक्सप्लोरेशन्स या किल्ल्यात फुकोचा लंबक आणि दा विंचीच्या कल्पनेतलं उडतं यंत्र आहे, आणि रांग जवळजवळ कधीच नसते. सिंदबादच्या होडीच्या राइडलाही बहुतेक वेळा दहा मिनिटांत नंबर लागतो. आतल्या हलत्या बाहुल्यांची कारागिरी आणि ॲलन मेन्केन यांचं संगीत यांसाठी तिच्यात दोनदा बसलात तरी वेळ वाया जाणार नाही. लहान मुलं घेऊन आलेले लोक ही ठिकाणं ओलांडून पुढे जातात. तुम्ही थांबू शकता, आणि एकट्याने जाण्यातला खरा फायदा हाच आहे.

आता दिवस. प्रत्येक पार्काला एक पूर्ण दिवस, आणि जमलं तर डिस्नेसीला दुसरा. एका तिकिटावर एका दिवशी एकच पार्क बघता येतं, म्हणून 'सकाळी इकडे, दुपारी तिकडे' हा बेत डोक्यातून काढा. पोहोचाल त्या दिवशी पार्क ठेवू नका. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथे सकाळी साडेसातला गेटवर उभं राहायचं म्हणजे शरीराच्या हिशेबाने पहाटे चार. रात्रभर विमानात बसून हे केलं तर दुपारी दोनला माणूस बाकावर झोपलेला सापडतो आणि दिवसाच्या तिकिटाचे पैसे पाण्यात. पहिल्या दिवशी राहवलंच नाही तर संध्याकाळचं तिकीट घ्या. कामाच्या दिवशी ५ वाजल्यापासूनचं आणि शनिवार-रविवारी व सुट्टीला ३ वाजल्यापासूनचं तिकीट स्वस्त मिळतं.

कधी जावं याला आपल्याकडचा सुट्ट्यांचा हिशेब उपयोगाचा नाही. २९ एप्रिल ते ५ मेचा गोल्डन वीक (जपानमधल्या सुट्ट्यांचा आठवडा), मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात, ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन हा पितरांचा सण आणि वर्षअखेर टाळा. मे महिन्याची सुट्टी साधायचीच तर १० मेनंतर निघा. दिवाळीनंतरचा काळ मात्र छान जुळतो. ३१ ऑक्टोबरला हॅलोविन संपतो आणि नोव्हेंबरच्या मध्याला ख्रिसमसचा कार्यक्रम सुरू होतो. मधले मंगळवार, बुधवार, गुरुवार धरा, फक्त ३ आणि २३ नोव्हेंबरला तिथे सार्वजनिक सुट्टी असते हे ध्यानात ठेवा. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत गर्दी कमी असते, पण दुरुस्तीसाठी राइड बंद ठेवण्याचा मोसमही तोच. स्पेस माउंटन ही राइड ३१ जुलै २०२४ रोजी बंद करून नव्याने बांधायला घेतली, ती २०२७ मध्ये सुरू करण्याचं जाहीर झालं आहे. तिच्यासाठीच जाणार असाल तर तारीख त्याप्रमाणे धरा.

जुलै-ऑगस्टबद्दल खान्देशातल्या माणसाला वेगळं सांगावं लागतं. भुसावळच्या ४५ अंशांत निघालेल्याला टोकियोचे ३४ अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण आपला उन्हाळा कोरडा आहे, घाम सुकतो आणि अंग गार पडतं. तिथल्या दमट हवेत घाम सुकतच नाही, उघड्या रांगेत तासभर उभं राहिलं की चक्कर येते. सप्टेंबरात वादळांची भर पडते.

गर्दीचा अंदाज बांधायला तिकिटाचा दरच पुरतो. मोठ्यांचं एका दिवसाचं तिकीट तारखेनुसार ७,९०० ते १०,९०० येन असतं. कंपनीला ज्या दिवशी गर्दी अपेक्षित असते तो दिवस महाग. म्हणजे अधिकृत दिनदर्शिकेतला सर्वांत स्वस्त दिवस शोधलात की पैसेही वाचले आणि रांगही. शंभर येनला साधारण ५५ ते ६० रुपये धरून चाला.

तिकिटं दोन महिने आधी खुली होतात, जपानी वेळेप्रमाणे दुपारी २ वाजता, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेदहा. आणि आपल्या लोकांचं गाडं अडतं ते इथेच. अधिकृत संकेतस्थळ परदेशी कार्डं पुष्कळदा नाकारतं. दोन कारणं हमखास असतात. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डावरचा परदेशी व्यवहार मुळात बंद असतो, तो बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावा लागतो आणि मर्यादाही वाढवावी लागते. दुसरं, ओटीपी यायला उशीर झाला की तिकडचं पान मुदत संपून बंद होतं. व्हिसा किंवा मास्टरकार्डची दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं तयार ठेवा. तरी जमलं नाही तर अधिकृत विक्रीहक्क असलेल्या परदेशी तिकीट-ॲपवरून घ्या. संकेतस्थळावरून घेतलेल्या तिकिटाची तारीख बदलता येते, पैसे परत मिळत नाहीत. मध्यस्थाकडून घेतलेल्या तिकिटाच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या आधी वाचा.

तोच ओटीपी जपानमध्येही लागतो, आणि ही गोष्ट निघण्याआधी कुणाच्याच लक्षात येत नाही. पार्कात रांग चुकवण्याचा पास ॲपमधून कार्डाने घ्यायचा असतो. भारतीय सिम बंद करून तिथलं इंटरनेट सिम घातलं असेल तर ओटीपी येणार कुठे? भारतीय सिमवर निघण्यापूर्वीच रोमिंग चालू करा, एसएमएस येतो याची खात्री करा, आणि इंटरनेटसाठी दुसरं ई-सिम घ्या. फोन दोन सिमचा हवा. मुंबई सोडल्यावर रोमिंग चालू करायला गेलात तर त्यालाही ओटीपीच मागतात.

व्हिसाची गोष्ट सोपी आहे. भारतात राहणाऱ्यांना पर्यटनासाठी एकदा प्रवेशाचा ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून होतो. विमानतळावर तो फोनवर इंटरनेट चालू ठेवून त्या संकेतस्थळावरच दाखवायचा असतो. स्क्रीनशॉट किंवा छापील कागद धरत नाहीत. उतरल्याबरोबर चालणारं इंटरनेट असणं म्हणून गरजेचं. व्हिजिट जपान वेब या संकेतस्थळावर माहिती भरून क्यूआर कोडही घरूनच काढून ठेवा.

जळगावहून मुंबई गाठायला अमरावती-मुंबई किंवा विदर्भ एक्सप्रेससारखी रात्रीची गाडी सोयीची. विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं किंवा रात्रीचं असेल तरच ती धरा. पावसाळ्यात कसारा घाटात गाडी तासन्‌तास उभी राहू शकते, तेव्हा जुलै ते सप्टेंबरात एक मुक्काम मुंबईत ठेवा. नंदुरबारकरांना सुरतमार्गे, धुळेकरांना नाशिकमार्गे रस्त्याने, पण राखीव वेळेचा हिशेब तोच.

टोकियोत राहायला डिस्नेची स्वतःची हॉटेलं आहेत. मिराकोस्टा तर डिस्नेसीच्या आतच आहे. तिथे राहणाऱ्यांना पार्कात १५ मिनिटं आधी सोडतात, आणि तेवढ्या वेळात पहिली मोठी राइड खरोखर होऊन जाते. तरी एकट्याने पहिल्यांदा जाताना हा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. खोलीचं भाडं दोघांत वाटलं जात नाही, आणि तुम्ही खोलीत फक्त झोपणार. पार्काकडे जाणाऱ्या केइयो या रेल्वेमार्गावर हात्चोबोरी किंवा शिन-उरायासूजवळ एका माणसाची साधी बिझनेस हॉटेलची खोली घ्या. वाचलेले पैसे पासवर घाला.

पार्काचं स्टेशन माइहामा. टोकियो स्टेशनवरून गाडीत पंधरा मिनिटं लागतात, पण केइयो मार्गाचे फलाट इतके लांब आणि खोल आहेत की बाकीच्या फलाटांवरून तिथवर चालायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात. समुद्रकाठचा मार्ग असल्याने जोराच्या वाऱ्यात गाड्या थांबतात किंवा हळू धावतात. वादळी दिवशी बस हाताशी असू द्या. वेलकम सुइका हे कार्ड विमानतळावर मिळतं, २८ दिवस चालतं, आणि गाडी, मोनोरेल, पाण्याची बाटली सगळ्याला पुरतं. मोनोरेलचं भाडं वेगळं पडतं. डिस्नेलँडला स्टेशनपासून चालतच जातात, डिस्नेसीला मोनोरेल किंवा पंधराएक मिनिटांची पायपीट.

आता गेटवरची सकाळ. सगळा दिवस या एका तासावर उभा असतो, म्हणून जरा सविस्तर.

छापील वेळ ९ ची असली तरी गेट बरेचदा त्याआधीच उघडतात. साडेसातला रांगेत असा. आदल्या रात्री ॲपमध्ये तिकीट आणि कार्ड नोंदवून ठेवा, लोकेशन चालू ठेवा, फोन पूर्ण चार्ज. पास आत पाऊल टाकल्यावरच मिळतात, बाहेरून नाही. प्रीमियर ॲक्सेस हा विकतचा पास, राइडनुसार साधारण १,५०० ते २,००० येन. प्रायॉरिटी पास फुकट, पण ठरावीक राइडनाच. आणि शोसाठी एंट्री रिक्वेस्ट नावाची सोडत, जिचा निकाल लगेच कळतो आणि प्रत्येक शोसाठी दिवसात एकदाच नशीब आजमावता येतं.

क्रम असा ठेवा. गेट ओलांडलं की बाजूला सरकून आधी प्रीमियर ॲक्सेस. डिस्नेसीत फँटसी स्प्रिंग्ज हा ६ जून २०२४ ला उघडलेला नवा भाग आहे आणि त्यातली ॲना अँड एल्साज फ्रोझन जर्नी सर्वांत आधी संपते, म्हणून पहिला पास तिचाच. लगेच प्रायॉरिटी पास, मग सोडत. हे तिन्ही व्हायला चार-पाच मिनिटं लागतात, आणि ती चालता चालता नाही, थांबून घ्यायची. एका हाताने फोन बघत गर्दीबरोबर पळणारे लोक घाईत भलतीच वेळ निवडतात. नंतर पायी जाऊन सोअरिंगच्या साध्या रांगेत उभे राहा. २०१९ ची ही राइड आजही दुपारी दोन-दोन तास घेते. पुढचा विकतचा पास साधारण तासाभराने घेता येतो, फुकटचा दोन तासांनी, किंवा हातातल्या पासची वेळ सुरू झाली की. घड्याळात गजर लावून ठेवा. बहुतेकांचा दुसरा पास हातून जातो तो विसरल्यामुळे.

रात्रीचा बंदरावरचा शो, टॉवर ऑफ टेरर आणि जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ यांतल्या एकाला तरी दुसरा पास लावा. दिवसाला तीन पास धरले तर दोन दिवसांचे दहा-अकरा हजार येन होतात, म्हणजे सहा-साडेसहा हजार रुपये. त्या बदल्यात रांगेतले सहा-सात तास सुटतात. रेजिंग स्पिरिट्स या डिस्नेसीतल्या रोलर कोस्टरला एकट्याची वेगळी रांग ठेवलेली असते. ती रोज चालू असेलच असं नाही, दारावरच्या कर्मचाऱ्याला विचारा.

डिस्नेलँडमध्ये हाच क्रम, फक्त पहिला पास २०२० च्या ब्यूटी अँड द बीस्टचा. पूज हनी हंट मात्र लहान मुलांची म्हणून सोडू नका. २००० साली सुरू झालेल्या या राइडच्या गाड्यांना रूळच नाहीत, त्या एकमेकींभोवती गिरक्या घेत जातात आणि प्रत्येक गाडीला थोडं वेगळं दिसतं. राइड कशा बांधतात यात रस असलेल्याने ती बघावीच.

बिग बँड बीट हा डिस्नेसीतला जॅझचा शो तुमच्या वयाच्या माणसाला फार आवडेल. सोडत लागली नाही तर विकतचा पास मिळतो का बघा. परेडसाठी पातळ चटई शंभर येनच्या दुकानातून घेऊन जा. पुढच्या ओळी बसूनच बघतात, फोन डोक्याच्या वर धरत नाहीत, सेल्फी स्टिक चालत नाही. फोटो काढायला कर्मचाऱ्यांना सांगितलं तर ते आनंदाने तुमच्याच फोनवर काढून देतात. कान आणि टोप्या हव्या तितक्या घाला. पात्राचा पूर्ण वेष मात्र मोठ्यांना फक्त हॅलोविनच्या ठरावीक दिवसांतच चालतो, आणि इतर दिवशी गेटवरूनच परत पाठवतात. पाऊस आला तर परेड रद्द होते, वाऱ्याने आतषबाजीही. पावसात छत्रीपेक्षा पॉन्चो बरा, कारण हात मोकळे राहतात.

खाण्याचा प्रश्न खरा अवघड आहे. जपानी रस्सा दिसायला भाजीचा असला तरी त्यात दाशी, म्हणजे माशाचं पाणी, बहुधा असतं. तयार करीत बीफ किंवा चिकनचा अर्क असतो. गोड पदार्थात जिलेटिन निघतं. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की कर्मचारी मांसाचे तुकडे नाहीत एवढंच समजतो. 'मांस, मासे, माशाचं पाणी, प्राण्यांची चरबी चालत नाही' असं जपानीत छापलेलं कार्ड जवळ ठेवा. जैन असाल तर कांदा-लसूणही त्यात घाला, आणि पार्कात पोट भरण्याची आशा जवळजवळ सोडून द्या. अधिकृत संकेतस्थळावर रोजचे मेनू असतात, ते आदल्या रात्री बघून दोन ठिकाणं पक्की करा.

पार्कात बाहेरचं जेवण नेऊ देत नाहीत, पण गेटबाहेर डबा खायला बसण्याची जागा आहे आणि त्याच दिवशी पुन्हा आत येता येतं. त्यामुळे दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, शेव, भाजलेले शेंगदाणे, मेथीचे लाडू यांवर दुपार सहज निघते. दशम्या दोन-तीन दिवसच टिकतात, त्या पहिल्या पार्काच्या दिवशी संपवा आणि पुढे गरम पाण्यात होणारा उपमा किंवा पोहे ठेवा. ताजी फळं, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता यांना प्रमाणपत्राशिवाय जपानमध्ये बंदी आहे. जळगावची केळी कितीही अभिमानाची असली तरी विमानतळावर काढून घेतील. वेफर्स न्या.

दिवसाला १५ किलोमीटरच्या आसपास चालणं होतं, पण पाय दुखतात ते चालण्याने कमी आणि सिमेंटवर उभं राहण्याने जास्त. निघण्याआधी दोन महिने मेहरूण तलावावर त्याच बुटांत रोज तासभर चाला आणि आठवड्यातून एकदा तासभर नुसतं उभं राहून बघा. नवे बूट घेऊन निघालात तर दुसऱ्या दिवशी टाचेला फोड ठरलेला. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. तिथली वीज १०० व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पिनांचा, तेव्हा आपल्या गोल पिनांसाठी ॲडॉप्टर लागेल.

खरेदीत एकच जपायचं. पॉपकॉर्नची बादली आवडली तर दिसली त्या वेळीच घ्या, संध्याकाळपर्यंत ती गाडी रिकामी झालेली असते. बाकीच्या वस्तूंसाठी माइहामा स्टेशनलगत बों व्होयाज हे दुकान आहे, तिथे जायला तिकीट लागत नाही. पार्कात गेलात त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ॲपमधूनही आतल्या वस्तू मागवता येतात. त्या फक्त जपानमधल्या पत्त्यावर पोहोचवतात, म्हणून तुमचा मुक्काम तितके दिवस आहे का हे बघून हॉटेलचा पत्ता द्या आणि हॉटेलला आधी विचारून ठेवा. बादली बॅगेत ठेवताना तिच्या पोटात मोजे आणि टी-शर्ट गच्च भरा, नाहीतर दादर ते जळगाव गर्दीच्या डब्यात तिचं झाकण हमखास तुटतं.